अनवाणी पाऊल आणि बुटाचा प्रवास

मागच्या महिन्यात भाच्याला घेऊन बूट घ्यायला गेलो होतो. वय चौदा. शाळेच्या संघात निवड झाली म्हणून स्वारी खुशीत होती. दुकानदाराने समोर तीन-चार खोकी उघडली. एका बुटाच्या वरच्या बाजूला रबराचे बारीक उंचवटे होते, दुसरा मोज्यासारखा विणलेला होता, तिसऱ्याला लेसच नव्हती. प्रत्येकाची वेगळी तारीफ. याने चेंडू वळतो, याने शॉट जोरात बसतो, याने चेंडू पायाला चिकटतो. सगळ्यात महाग जोडाची किंमत वीस हजारांच्या पुढे होती. भाच्याने हळूच विचारले, "मामू, बुटाने खरंच शॉट जोरात बसतो का?"

दुकानात मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना, कारण लहानपणी मलाही तो पडला होता.

आम्ही कोल्हापूरचे. इथे फुटबॉल तालमींचा आहे, पेठांचा आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की घरात जेवणाच्या वेळा बदलतात. आम्ही मोहल्ल्यातली पोरे मात्र मोकळ्या जागेत अनवाणीच खेळायचो. चुलतभावाचे जुने स्टड माझ्या वाट्याला आले, तेही दोन नंबर मोठे. पुढे कापूस कोंबून घातले. पहिल्या दिवशी चेंडू पायाला लागला की नाही हेच कळेना. पास भलतीकडेच जायचा. पोरे हसली, मी बूट काढून फेकले. आठ दिवसांनी पाऊस लागला. चिखलात सगळे घसरून पडू लागले आणि तेच ढगळ बूट घालून मी एकटा उभा राहू शकलो. बुटाने पायाची जाण काढून घेतली होती आणि पायाखालची जमीन दिली होती. फुटबॉलच्या बुटाचा सगळा इतिहास याच देवाणघेवाणीचा आहे, हे पुढे वाचनातून कळले.

सुरुवातीला बूट हे चिलखत होते. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाच्या 1526 सालच्या कपडेपटाच्या यादीत फुटबॉलसाठी बनवलेल्या चामडी बुटांची नोंद सापडते. पण आज आपण जो खेळ ओळखतो, त्याचे नियम 1863 मध्ये लंडनला लिहिले गेले. त्यातला एक नियम बुटांबद्दल होता. बाहेर आलेले खिळे, लोखंडी पट्ट्या आणि गटापर्चा, म्हणजे झाडाच्या चिकापासून होणारा कडक पदार्थ, बुटाच्या तळाला किंवा टाचेला लावायला त्याने मनाई केली. असा नियम करावा लागला, म्हणजे लोक असे बूट घालून खेळत होते. 1891 मध्ये नियम बदलला आणि अर्ध्या इंचापर्यंतच्या चामड्याच्या पट्ट्या व स्टड चालतील असे ठरले. तिथून स्टडचा रीतसर प्रवास सुरू झाला.

त्या काळचा बूट घोट्याच्या वरपर्यंत चढायचा. चामडे जाड, पुढचे टोक कडक. एकेका बुटाचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि पावसात चामडे पाणी प्यायले की आणखी वाढायचे. अशा बुटाचा खेळावर परिणाम होणारच. जोरदार शॉट मारायचा तर पाऊल घोट्यातून खाली ताणावे लागते. मग पावलाची वरची बाजू, जिथे लेस बांधतो ती, चेंडूवर सपाट बसते. घोटाच बांधून टाकला तर पाऊल ताणणार कसे? मग उरते बुटाचे कडक टोक. टोकाने चेंडू लांब जातो, पण टेकण्याची जागा लहान असल्याने जरा चूक झाली की दिशा हुकते.

अनवाणी खेळाडूला ही सोयच नव्हती. टोकाने मारले तर त्याचे बोट मोडेल. म्हणून तो पावलाच्या वरच्या बाजूने मारायला आणि आतल्या बाजूने चेंडू थांबवायला शिकला. आपल्याकडच्या अनवाणी फुटबॉलला अडाण्यांचा खेळ समजणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. गोऱ्यांच्या बुटाने अडवून ठेवलेले तंत्र इथल्या पोरांना बूट नसल्यामुळे शिकावे लागले होते.

29 जुलै 1911 रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवून आयएफए शील्ड जिंकली. बागानच्या अकरापैकी दहा जण अनवाणी होते. तो विजय देशभर गाजला आणि त्यातून अनवाणी पायाचा एक अभिमान तयार झाला. अभिमान रास्त होता. पण कलकत्त्याची लीग पावसाळ्यात चालायची. मैदानात चिखल झाला की अनवाणी पाय सटकायचे आणि गोऱ्या पलटणी आपल्या स्टडवर ठाम उभ्या राहायच्या. अनेक वर्षे कोणत्याही भारतीय संघाला ती लीग जिंकता आली नाही.

ती पहिल्यांदा जिंकली मोहमेडन स्पोर्टिंगने, 1934 मध्ये. त्यानंतर 1938 पर्यंत सलग पाच वेळा. या विजयाच्या कहाण्या आपल्या जुन्या पिढीने जोशात सांगितल्या. क़ौमची शान, अल्लाहची मेहेरबानी, सगळे त्यात होते. पण या यशामागच्या एका साध्या निर्णयाबद्दल कोणी फारसे बोलत नाही. क्लबने देशभरातून चांगले खेळाडू गोळा केले आणि मैदान ओले असेल तेव्हा त्यांना हलके बूट घालायला लावले. कोरड्या मैदानावर पायाची जाण, ओल्यावर स्टडची पकड. दुआ इतर संघांचे लोकही करतच असणार. यांनी चिखलाचा विचार केला.

याच क्लबचा मोहम्मद सलीम 1936 मध्ये स्कॉटलंडला पोहोचला. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने त्याची चाचणी घेतली. तो अनवाणी खेळणार म्हटल्यावर तिथल्या लोकांना आश्चर्य वाटले. पण त्याचा खेळ पाहिल्यावर पायाला फक्त पट्ट्या गुंडाळून त्याला मैदानात उतरवले गेले. तो दोन सामने खेळला, दोन्ही सेल्टिकने मोठ्या फरकाने जिंकले आणि वर्तमानपत्रांनी त्याला जादूगाराच्या पंगतीत बसवले. पण घरच्या ओढीने सलीम परतला. त्याच्या पायावर पट्टी बांधली जात असतानाचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. ते पाहताना मला दुकानातला तो विणलेला, मोज्यासारखा बूट आठवतो.

सलीमच्या यशावर थांबून चालणार नाही, कारण पुढची गोष्ट कडू आहे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सशी खेळला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. दोन पेनल्टी हुकल्या, तरी सामना जेमतेम 1-2 ने गेला. इंग्रज प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला बुटांची गरज नाही, असे आपण स्वतःला सांगितले. चार वर्षांनी हेलसिंकीत थंडी होती. अनेक खेळाडू तसेच अनवाणी उतरले आणि युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 ने हरवले. त्यानंतर आपल्या फुटबॉल संघटनेने बूट सक्तीचे केले. जाता जाता एक गैरसमजही दूर करतो. 1950 च्या विश्वचषकाला भारत गेला नाही तो अनवाणी खेळायला परवानगी नव्हती म्हणून, असे आपण ऐकत आलो. संघटनेने तेव्हा दिलेली कारणे निवडीवरचे मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ ही होती. विश्वचषकाचे महत्त्वच तेव्हा कोणाला वाटले नव्हते. अनवाणी पायाची कथा नंतर सोयीची ठरली.

बूट घातल्याने आपला खेळ बिघडला का? 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांच्या संघाने उत्तर दिले. ऑस्ट्रेलियाला 4-2 ने हरवून भारत उपांत्य फेरीत गेला आणि चौथा आला. त्या सामन्यात नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. 1962 मध्ये जकार्ताला रहीमसाहेबांच्याच संघाने आशियाई सुवर्णपदक मिळवले. अनवाणी मैदानांवर वाढलेल्या पिढीने बूट घातला आणि ती आणखी पुढे गेली. हातातली कला कोणी काढून घेतली नव्हती, फक्त साधन बदलले होते.

इकडे हे चालू असताना युरोपातला बूटही उलट दिशेने निघाला होता. 1950 च्या विश्वचषकासाठी ब्राझीलला गेलेल्या इंग्लंडच्या स्टॅनले मॅथ्यूजने तिथल्या खेळाडूंचे हलके, घोट्याखालचे बूट पाहिले. परतल्यावर त्याने तसलेच बूट इंग्लंडच्या कारखान्यात करून घेतले. पातळ चामड्यामुळे ते लवकर फाटायचे, पण चेंडूला बगल देत धावणाऱ्या मॅथ्यूजला टिकाऊपणापेक्षा पायाची जाण हवी होती.

1954 मध्ये बर्नला पश्चिम जर्मनी आणि हंगेरी यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. याच हंगेरीने गटातल्या सामन्यात जर्मनांना 8-3 ने हरवले होते. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस पडला. जर्मन खेळाडूंच्या पायात आडी डासलरने बनवलेले हलके बूट होते आणि त्यांचे स्टड स्क्रूसारखे काढून बदलता येत. ओल्या मैदानासाठी लांब स्टड बसवले गेले. दोन गोलांनी मागे पडूनही जर्मनी 3-2 ने जिंकली. सगळे श्रेय बुटाला देणे हा त्या अकरा जणांवर अन्याय होईल. पण शॉट मारणाऱ्या पायाइतकाच टेकलेला पायही महत्त्वाचा असतो. तो सरकला तर दुसऱ्या पायातली ताकद वाया जाते. मोहमेडन स्पोर्टिंगने कलकत्त्यात हेच ओळखले होते.

पुढची पायरी चेंडूवरच्या पकडीची. लिव्हरपूलचा क्रेग जॉन्स्टन निवृत्तीनंतर ऑस्ट्रेलियात मुलांना शिकवत होता. ओल्या चामड्यावरून चेंडू निसटतो हे पाहून त्याने टेबल टेनिसच्या बॅटचे रबर बुटाच्या पुढच्या भागावर चिकटवले. कंपन्यांनी त्याला परत पाठवले. मग त्याने बेकेनबाउअरसारख्या जर्मन दिग्गजांना ते बूट घालून बर्फात खेळायला लावले आणि त्याचे चित्रीकरण दाखवले. 1994 मध्ये आदिदासने 'प्रीडेटर' बाजारात आणला. झिनेदिन झिदानचे नाव याच बुटाशी जोडले गेले. 2002 मध्ये, सलीमच्याच ग्लासगो शहरात, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्याने डाव्या पायाने हवेतला चेंडू जाळ्यात मारला. अल्जीरियातून आलेल्या मजुराच्या मुलाचा तो गोल मी आजही पाहतो. त्यात रबर कितीसे आणि तोल, नजर किती, हे पाहणाऱ्याने ठरवावे.

1998 मध्ये ब्राझीलच्या रोनाल्डोसाठी नायकीने कृत्रिम चामड्याचा, जेमतेम दोनशे ग्रॅमचा 'मर्क्युरियल' काढला. काही बुटांत लेस बाजूला सरकवली, म्हणजे चेंडू टेकण्याची जागा सपाट मिळावी. 2014 मध्ये विणलेले बूट आले. 2015 मध्ये आदिदासने एका बुटाचे वजन 99 ग्रॅमवर आणले. अर्ध्या किलोपासून शंभर ग्रॅमच्या आत. चिलखतापासून सुरू झालेला बूट पुन्हा पायाची कातडी व्हायला निघाला आहे.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. शास्त्रज्ञांनीही तो विचारला आहे. जर्मन संशोधकांनी मोजून पाहिले तेव्हा अनवाणी पायाने मारलेला शॉट बुटातल्या शॉटपेक्षा थोडा अधिक वेगवान निघाला, दुखण्याची भीती बाजूला ठेवली तर. पाऊल मोकळेपणी ताणता येते हे त्याचे एक कारण. पण नेम बुटानेच चांगला बसला, कारण बोटांचे आणि हाडांचे उंचसखलपण झाकून बूट चेंडूला सारखी जागा देतो. चेंडू वळवण्याबद्दल जपानी आणि ब्रिटिश संशोधकांनी संगणकावर अभ्यास केला. घर्षणाने फिरकी वाढते हे खरे, पण चेंडूच्या मध्यापासून किती बाजूला मारता याचा परिणाम त्याहून मोठा. पाय चेंडूला टेकतो तो सेकंदाचा साधारण शंभरावा भाग. तेवढ्यात नेमक्या जागी टेकायचे, हे शिकवणारा बूट कोणत्याही दुकानात मिळत नाही.

गेली कित्येक वर्षे मी आपल्या समाजात दोन प्रकारची माणसे पाहतो. एक म्हणतात, आमचे होते तेच थोर, बुटांची गरजच काय. दुसरे म्हणतात, महाग बूट आणा, बाकी सगळे आपोआप होईल. पहिल्यांना हेलसिंकी आठवत नाही, दुसऱ्यांना सलीम. मोहमेडन स्पोर्टिंगच्या त्या पाच वर्षांचा अभिमान बाळगायचा असेल तर चिखल पाहून बूट घालण्याच्या त्या निर्णयाचाही बाळगावा.

शेवटी भाच्याला मध्यम किमतीचा जोड घेतला. रबराचे उंचवटे नसलेला, पण पायाला नीट बसणारा. कापूस कोंबावा लागणार नाही एवढे मी पाहिले. घरी येताना त्याला सांगितले, रोज अर्धा तास अंगणात बूट काढून चेंडू भिंतीवर मार. त्याने तोंड वाकडे केले. पण काल बहिणीचा फोन आला, तेव्हा मागे भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज येत होता. ती वैतागली होती. मी काही बोललो नाही.