अंगणातला फालसा आणि विसरलेले धनुष्य

१/ उन्हाळ्यात मुंबईच्या फेरीवाल्यांच्या टोपल्यांत जांभळट, आंबटगोड फालसे दिसू लागतात. विलेपार्ल्याच्या एखाद्या बागेत फालशाचे झुडूप भेटले, तर त्याच्याकडे केवळ फळझाड म्हणूनच पाहिले जाते. त्याच्या लाकडाचा एक जुना उपयोग मात्र विस्मृतीत गेला आहे. तो म्हणजे धनुष्य.

२/ कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त आयुधागाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात धनुष्याची चार द्रव्ये सांगितली आहेत: ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. प्रत्यंचेसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू आणि जनावरांचे स्नायू यांचा उल्लेख येतो. सातपुड्यातील भिल्लांच्या धनुष्यात दांडा बांबूचा आणि प्रत्यंचाही बांबूचीच असते. ग्रंथातील यादी आजही रानात जिवंत आहे, ती अशी.

३/ लाकडी धनुष्यासाठी सह्याद्रीत नाव घेतले जाते ते धामणीचे. ही धामण म्हणजे साप नव्हे, वृक्ष. तिचे संस्कृत नाव ‘धन्वन’. त्यात धनुष्यवाचक ‘धन्व’ स्पष्ट ऐकू येतो. फालसा हा धामणीचा सख्खा भाऊबंद. दोघांची प्रजाती एकच, ‘ग्रेविया’. लिनियसने हे नाव नेहेमाया ग्रू (१६४१–१७१२) या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ दिले. लाकडाच्या अंतर्रचनेचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करणाऱ्या आद्य संशोधकांपैकी तो एक होता.

४/ त्या रचनेतच धनुष्याचे रहस्य आहे. प्रत्यंचा ओढली की दांड्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. जे लाकूड दोन्ही सोसून पुन्हा सरळ होते, तेच धनुष्याचे. फालशाचे लाकूड बारीक पोताचे, चिवट आणि लवचिक असते.

५/ कृती साधी, पण संयमाची. गाठी नसलेला सरळ दांडा सावलीत सावकाश वाळवायचा. सालीखालचा बाहेरचा थर अखंड राखायचा, कारण तेथील तंतू तुटला की धनुष्य मोडते. तासायचे ते फक्त आतून. मधूनमधून दांडा थोडाथोडा वाकवून पाहायचा आणि जी बाजू ताठ राहील तीच पुन्हा तासायची. दोन्ही बाहू सारखे वाकले की टोकांना खाचा पाडायच्या.

६/ मग हे धनुष्य बागेतून नाहीसे का झाले? फालशाला फळ धरते ते नव्या फुटव्यांवर. म्हणून माळी दर हिवाळ्यात झुडूप छाटतो. फळे भरपूर येतात, पण धनुष्याजोगा जाड दांडा तयार होतच नाही. त्यासाठी एक फांदी अनेक वर्षे न छाटता राखावी लागते. ज्याला शस्त्राची गरज उरली नाही, तो फळ सोडून फांदी कशाला राखेल? ज्ञान नेहमी बंदीने किंवा युद्धानेच लोपते असे नाही. कधी ते दरवर्षीच्या छाटणीतही लोपते.

७/ पार्ल्यात हनुमान रोड आहे, आणि शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार वाहण्याची प्रथा सर्वांच्या परिचयाची आहे. त्याच रुईच्या सालीचा धागा कौटिल्याच्या आयुधागारात प्रत्यंचा होता. दांडा फळाच्या टोपलीमागे दडला, दोरी देवाच्या हारामागे. दोन्ही झाडे अजून आहेत. त्यांना जोडणारा हात तेवढा उरलेला नाही.