खाड्याचा हिशेब

महिन्याचे किंवा वर्षाचे जेवण आधीच पैसे भरून विकत घ्यावे काय, हा प्रश्न वाङ्मयचर्चेच्या जागी उपरा वाटेल, याची आम्हास जाणीव आहे. तरी तो आम्ही येथे मांडतो, कारण मराठवाड्यात लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्या बहुतेकांच्या घडणीत एखादी खाणावळ, एखादे वसतिगृह किंवा कोणा परक्या घरचे ताट असतेच, आणि आमच्या साहित्येतिहासात त्याचा उल्लेख फार तर एका वाक्याचा. निमित्त मात्र घरचे आहे. गेल्या जूनमध्ये आमची पुतणी अकरावीसाठी लातूरला गेली. ‘ट्यूशन एरिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात खोली मिळाली आणि लगेच मेसचा प्रश्न आला. सुटे ताट घ्यावे, महिन्याचे आगाऊ भरावे, की वर्षाचे एकदम भरून त्यात मिळणारी सूट पदरात पाडून घ्यावी?

मेस चालविणाऱ्या काकूंनी वही उघडून नियम सांगितला, “चार दिवसांच्या आतला खाडा धरत नसतो भाऊ. अन् गावाकडं जायचं असंल तर आदल्या दिवशी सांगून जायचं.”

खाडा हा शब्द मूळचा मजुराच्या हजेरीतला. मजूर ज्या दिवशी कामावर येत नाही, तो त्याचा खाडा आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाते. मेसच्या वहीत तोच शब्द उलट्या बाजूने उभा राहतो. येथे जेवणारा गैरहजर असतो आणि पैसे कोणाचे कापावयाचे हा वाद असतो. आमच्या मते आगाऊ जेवणाचा सारा इतिहास या एका शब्दाभोवती फिरतो. ताटाला किती पडले हा प्रश्न दुय्यम आहे. जे ताट जेवले गेले नाही, ते कोणाच्या अंगावर पडले, हा खरा प्रश्न आहे.

साधा हिशेब करून पाहू. समजा, सुट्या ताटाला सत्तर रुपये पडतात आणि महिन्याचे तीन हजार. तीस दिवसांची साठ ताटे धरली तर ताट पन्नास रुपयांना पडते व व्यवहार उघडच फायद्याचा दिसतो. परंतु रविवारी रात्री मेस बंद असते, म्हणजे उरली छप्पन्न. तीन हजारांत सुटी ताटे बेचाळीस येतात आणि साठ रुपये उरतात. तेव्हा त्रेचाळीसावे ताट जेविल्याशिवाय आगाऊ भरण्यात फायदा नाही. तेरा ताटे, म्हणजे साधारण साडेसहा दिवस, एवढीच मुभा. शहरातल्या मुलाला ती पुरेशी वाटेल. लातूर-नांदेडच्या खेड्यांतून आलेल्या लेकरांचे तसे नसते. पोळा असतो, गौरी-महालक्ष्म्या असतात, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची काढणी येते, आणि मधेच ताप येऊन आई एस.टी.ने घेऊन जाते. यांतली बरीच गैरहजेरी दोन-दोन, तीन-तीन दिवसांची असते. नियमाच्या चार दिवसांत ती बसत नाही. नियम चार दिवसांचाच का, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

अमेरिकेतल्या करमणुकीच्या मोठ्या उद्यानांनाही हे गणित ठाऊक आहे. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डने २००५ साली मुक्कामी पाहुण्यांसाठी आगाऊ जेवणाची योजना सुरू केली, २०२० मध्ये ती थांबवली आणि २०२४ च्या जानेवारीत पुन्हा सुरू केली. ती परवडते की नाही यावर तिकडची कुटुंबे दरवर्षी वह्या भरतात. पण तेथे खाडा म्हणजे सहलीतले एक राहून गेलेले जेवण. आमच्याकडे तो शिक्षणाच्या खर्चात मिळवावा लागतो.

आता थोडे मागे जाऊ. खाणावळीपूर्वी ‘वार लावून जेवणे’ होते. आठवड्याचे सात वार, सात घरे. पैसा नाही, आगाऊ काही नाही. या पद्धतीविषयी आमच्या आत्मचरित्रांत कृतज्ञतेने लिहिले गेले आहे आणि ते रास्तही आहे. मात्र ते ताट मुख्यत्वे ब्राह्मण मुलाचे होते, हे त्या कृतज्ञतेत अनेकदा हरवते. आणखी एक गोष्ट हरवते. तेथेही खाडा होता, फक्त तो यजमानाकडून पडे. मंगळवारच्या घरी सुतक आले, कोणी आजारी पडले किंवा मंडळी तीर्थाला गेली, की त्या मंगळवारी मुलगा उपाशी. तक्रार करण्यास त्याच्याकडे वही नव्हती.

ज्यांना वारही लागू शकत नव्हते त्यांच्यासाठी वसतिगृहे निघाली. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविणारे वसतिगृह काढले. तेथे जमाखर्चाचा मेळ बसेना तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. ती आपण त्यागाची कथा म्हणून सांगतो. हिशेबाच्या अंगाने ती वाचली तर दिसते ते असे, की न आलेल्या वर्गणीचा खाडा संस्थाचालकाच्या पत्नीने भरून काढला. पुढे घरोघर मूठभर धान्य बाजूला काढण्याचा जो मुष्टिफंड रूढ झाला, त्यात तोच भार गावभर वाटला गेला. मुलगा जेवायला बसण्याआधी गावाने त्याच्या ताटाचे धान्य भरलेले असे. आगाऊ भरण्याची याहून उदार रीत आम्हास ठाऊक नाही.

निजामी राजवटीतल्या मराठवाड्यात मोजकी मुले उच्च शिक्षणास हैदराबादला जात. १९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली, मुलांनी ती मानली नाही आणि त्यांना काढून टाकण्यात आले. पुढे नागपूर विद्यापीठाने अनेकांना प्रवेश दिला. हा प्रसंग स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात योग्य जागी आहे. आम्हास त्यातली एक बारीक बाब महत्त्वाची वाटते. संस्थेकडून जेवणाऱ्याचे ताट संस्था बंद करू शकते. खाणावळीच्या काकूंना तुम्ही काय गाता याच्याशी कर्तव्य नसते, त्यांचे लक्ष तारखेवर. वसतिगृहाचे स्वस्त ताट आणि खाणावळीचे महाग ताट यांची तुलना करताना हा फरक कोणत्या रकान्यात लिहावा?

हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये विलीन झाल्यावर चित्र बदलले. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद झाले. ज्या मुलाला गावच्या हॉटेलात कप वेगळा मिळे, त्याला वसतिगृहाच्या पंगतीत ताट मिळणे याचे मोल रुपयांत होणार नाही. रुपयांचा प्रश्न तेथे दुसऱ्या वाटेने आला. शिष्यवृत्ती सरकारची आणि ती सत्र उलटल्यावर यावयाची. दरमहा मेसबिल मागे राही आणि फलकावर थकबाकीदारांची नावे लागत. आमच्या पिढीतल्या अनेकांनी आपले नाव छापील स्वरूपात नव्हे, तर खडूने लिहिलेले असे पहिल्यांदा पाहिले.

आमच्या कादंबरीला मेसचा हिशेब अगदीच परका नाही. ‘कोसला’ (१९६३) वाचलेल्यांना पांडुरंग सांगवीकराचे वसतिगृहातले दिवस आठवतील. मेसच्या कारभारातली ओढाताण आणि घरून येणाऱ्या पैशांचा ताण तेथे केवळ पार्श्वभूमी म्हणून येत नाही. समीक्षेने त्या कादंबरीतली भाषा, तुटलेपण, अस्तित्ववाद असे पुष्कळ काही वाचले. बापाचा पैसा कोठे जातो याचा जमाखर्च मात्र आम्ही वर्गात शिकविताना झटकन उलटून टाकतो. हा दोष आमचाही आहे.

मुंबईच्या गिरणगावात नेमकी उलट पद्धत होती. तेथे आगाऊ काही नसे. कोकण-घाटावरून आलेला एकटा गिरणी कामगार महिनाभर खाणावळवाल्या बाईकडे दोन वेळ जेवी आणि पगार झाला की पैसे देई. म्हणजे महिनाभर भांडवल घालावयाचे ते बाईने. तिच्याजवळ ते कुठले? वाण्याकडून उधारीवर, सावकाराकडून व्याजाने आणावे आणि कामगाराच्या पगारातून फेडावे. कामगार गावी गेला तर खाडा तिचा, आणि पैसे बुडवून गेला तर बुडीतही तिचेच. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि या बायकांसाठी बँकेच्या कर्जाचे दार उघडून घेतले. मग १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. पगारावर चालणारी उधारी थांबविणे हिशेबाने योग्य ठरले असते. कित्येक बायकांनी ती थांबविली नाही, ताटे वाढीत राहिल्या. संप रीतसर कधी मिटलाच नाही, त्यामुळे त्या उधारीची वसुली होण्याचा दिवसही उगवला नाही. संपाच्या इतिहासात दत्ता सामंत आहेत, मालक आहेत, सरकार आहे. खाणावळवाली आहे ती तळटीपेत, आणि तीसुद्धा ‘सहानुभूती’ या शब्दाखाली. तिने जे दिले ते आमच्या समजुतीने कर्ज होते.

त्याच १९८२ साली लातूर वेगळा जिल्हा झाला. पुढील काही वर्षांत राजर्षी शाहू महाविद्यालयातून ‘लातूर पॅटर्न’चे नाव राज्यभर गेले. बाहेरगावची मुले येऊ लागली आणि शहरात घरोघरी मेस निघाल्या. या व्यवसायात बव्हंशी बायका आहेत. गिरणगावच्या बाईचा धडा जणू ठाऊक असावा तसा त्यांनी पहिला नियम केला तो आगाऊ पैशांचा. कामगार पगारावर जेवे, विद्यार्थी बापाच्या पैशावर जेवतो, आणि बापाचे पैसे जूनमध्ये असतात ते जानेवारीत असतीलच असे नाही. आगाऊ मागणे ही येथे नफेखोरी नाही, असे आम्हास वाटते. ज्वारीचे पीठ, गॅस, तेल हे सर्व एक तारखेला आणावे लागते.

भाव एकदा ठरला की पुढची जोखीम मात्र काकूंची. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. महिन्याचे पैसे घेऊन झालेले आणि भांडी घासण्याचे पाणीसुद्धा टँकरचे, अशी गत झाली. अशा वेळी भाव वाढविता येत नाही, वरण वाढविता येते. आम्ही तेव्हा ज्या मेसमध्ये जात होतो तेथे ते बरेच वाढले होते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा पारडे उलट फिरले. मुले रातोरात गावी परतली, वर्षाचे पैसे भरलेल्यांची ताटे तशीच राहिली. हा चार दिवसांच्या आतला खाडा नव्हे, महिन्यांचा होता. कोणी पैसे परत केले, कोणी पुढच्या वर्षी वळते करू म्हणाले, कोणी फोन उचलला नाही. आमच्या ओळखीच्या एका पालकाला पुढचे वर्षच आले नाही, कारण मुलगा परत लातूरला गेला नाही.

सरकारने या व्यवहारात निराळा तोडगा काढून पाहिला. २०१८ साली आदिवासी विकास विभागाने अनेक वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात भरण्याचे ठरविले. वरवर पाहता हे स्वातंत्र्य. आवडेल तेथे जेवा, न जेवाल त्या दिवशीचे वाचवा, खाडा तुमचाच. तरीही त्या वर्षीच्या जुलैत मुले पुण्याहून नाशिककडे पायी निघाली आणि त्यांची मागणी मेस परत देण्याची होती. पैसे वेळेवर खात्यात येत नाहीत, आले तर घरच्या अडचणीला जातात, आणि बाहेरच्या खाणावळी आगाऊ मागतात. पैसा हाती असण्यापेक्षा ठरल्या वेळी ताट पुढ्यात असणे त्यांना अधिक भरवशाचे वाटले. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडच्या मुलांना हे समजावून सांगावे लागणार नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात निवडीचे स्वातंत्र्य नेहमी वरचढ असते, पण सतरा वर्षांच्या भुकेल्या मुलाला निवडीचा भारही होतो.

नांदेडकरांपाशी या सगळ्याला एक छेद आहे. सचखंड श्री हुजूर साहिबच्या परिसरात आणि लंगर साहिब गुरुद्वाऱ्यात पंगत बसते, तेथे आगाऊही नाही आणि उधारीही नाही. कोण आला, कोण नाही, याची वही नाही, म्हणून खाडाही नाही. परीक्षेसाठी परगावाहून आलो असताना आम्हीही त्या पंगतीत बसलो आहोत. कोणी नाव विचारले नाही. ते ताट कोणी तरी आधी भरलेले असते एवढे मात्र खरे, फक्त भरणारा आणि जेवणारा यांची गाठ पडत नाही. महिनोन्महिने तेथे जेवून शिकावे काय, असे एकाने आम्हास विचारले होते. त्याला आम्ही उत्तर दिले नाही. त्याच्या बापाचा मानी स्वभाव आम्हास ठाऊक होता.

पुतणीचे आम्ही वर्षाचे भरले नाही. सूट सोडली आणि महिन्याचे भरले. जुलैत तिचे बारा खाडे झाले, त्यांतला एकही धरला गेला नाही, म्हणजे त्या महिन्यात आम्ही तोट्यातच होतो. ऑगस्टमध्ये ती एकदाच गावी आली. दिवाळीच्या सुट्टीनंतर पैसे भरावयास गेलो तेव्हा काकूंना सहज विचारले, जुन्या वह्या ठेवल्या आहेत का, पंधरा-वीस वर्षांत कोण कोण जेवून गेले ते पाहता येईल. त्या हसल्या. “वर्ष सरलं की रद्दीत. त्यात काय बघायचं असतंय?” मग चालू वही पुढे करून त्यांनी पुतणीच्या नावापुढचे दिवाळीचे अठरा दिवस मोजले, ते वजा केले, आणि उरलेली रक्कम सांगितली.