अतिवेगवान स्पंदकांचा शोध : अरेसिबो ते खोडद

१९६७ साली केंब्रिज येथे जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीस पहिला स्पंदक आढळला. त्याचा परिवलनकाल सुमारे १.३४ सेकंद होता. पुढील पंधरा वर्षांत शेकडो स्पंदकांची नोंद झाली. तथापि त्यांतील सर्वांत वेगवान असलेल्या खेकडा तेजोमेघातील स्पंदकालाही एका फेरीस ३३ मिलिसेकंद लागत. त्यामुळे वेगवान स्पंदक म्हणजे नुकताच जन्मलेला स्पंदक, अशी समजूत दृढ झाली. ती कशी मोडली आणि त्यातून शोधाची कोणती नवी पद्धती उभी राहिली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चौथ्या केंब्रिज सूचीतील ४सी २१.५३ हा रेडिओ स्रोत अभ्यासकांना पूर्वीपासून ठाऊक होता. त्याचे लुकलुकणे तो आकाराने अत्यंत लहान असल्याचे सुचवीत होते आणि उच्च वारंवारतेकडे त्याची तीव्रता झपाट्याने घटत होती. ही दोन्ही लक्षणे स्पंदकाची. पण स्पंद मात्र सापडत नव्हते. डोनाल्ड बॅकर यांनी हा प्रश्न सोडला नाही. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने बॅकर, श्रीनिवास कुलकर्णी, हाइल्स, डेव्हिस व गॉस यांना १.५५८ मिलिसेकंदांचे स्पंद मिळाले. हा तारा सेकंदाला ६४२ वेळा फिरत होता! कुलकर्णी त्या वेळी बर्कले येथे संशोधक विद्यार्थी होते. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. या शोधाचे श्रेय बहुधा अरेसिबोच्या आकारास दिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते अपुरे आहे. मिलिसेकंदांइतक्या सूक्ष्म अंतराने नोंदी घेतल्याशिवाय असे स्पंद दिसणे शक्य नव्हते, आणि इतका वेग संभवतो असे मानल्याशिवाय तशा नोंदी घेण्याचे कोणाच्या मनात येणार?

या ताऱ्याचा वेग अत्यल्प गतीने घटत होता. म्हणजे त्याचे चुंबकीय क्षेत्र क्षीण होते आणि तो तरुण नव्हता. बंगळूर येथील रमण संशोधन संस्थेचे राधाकृष्णन व श्रीनिवासन, तसेच अल्पार आणि त्यांचे सहकारी, यांनी त्याच वर्षी उपपत्ती मांडली, की जोडीदार ताऱ्याचे द्रव्य अंगावर ओढून घेताना वृद्ध न्यूट्रॉन तारा पुन्हा वेग धरतो.

यानंतरची अडचण होती ती आकाशात नेमके कोठे पाहावे ही. तिचे उत्तर ११ जून २००८ रोजी प्रक्षेपित झालेल्या फर्मी या गॅमा किरण दुर्बिणीने दिले. तिच्या सूचीत अनेक अनोळखी स्रोत होते. ज्यांचे तेज स्थिर व वर्णपट स्पंदकासारखा, त्यांच्याकडे रेडिओ दुर्बिणी वळविण्यात आल्या. नारायणगावजवळील खोडदच्या जीएमआरटीस येथे विशेष संधी होती. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांना कमी वारंवारतेवर चंद्रबिंबाच्या दुपटीहून रुंद आकाश एकाच वेळी दिसते. त्यामुळे फर्मीने दिलेले अंदाजी स्थान सहज सामावते. पुढे त्याच अँटेना एकत्र जोडून प्रतिमा घेतली, की स्थान बारकाईने निश्चित करता येते.

भास्वती भट्टाचार्य व सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला जे१५४४+४९३७ हा स्पंदक याच मार्गाने सापडला. त्याचा परिवलनकाल २.१६ मिलिसेकंद असून तो २.९ तासांत आपल्या अतिशय हलक्या जोडीदारासह एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. गॅमा प्रकाशकण इतके विरळ येतात, की रेडिओ निरीक्षणांतून मिळालेल्या अचूक कालगणनेच्या आधारे वर्षानुवर्षांचे कण एकत्र मांडावे लागतात. तसे केल्यावर याचे गॅमा स्पंदही उमटले. स्पंदकाच्या माऱ्याने जोडीदाराचे द्रव्य झडते आणि ते आड आले, की ३२२ मेगाहर्ट्झवर स्पंद सुमारे बावीस मिनिटे लोपतात. ६०७ मेगाहर्ट्झवर मात्र ते त्याच आडोशातूनही ऐकू येतात.