मोटारीतील लाकडी सजावटीचे पुनर्लेपन

मोटारीचा डॅशबोर्ड व दारे यांवरील लाकडी पट्ट्यांचे जीर्ण रोगण काढून नवे पारदर्शक लेपन करण्याची क्रिया. सुरुवातीच्या मोटारींचे सांगाडे घोडागाड्यांच्या कारागिरांनी घडविल्याने लाकूडकाम मोटारीत आले [⟶ मोटारगाडी]. पुढे प्लायवुडवर अक्रोडाच्या गाठींचा पातळ पापुद्रा (व्हिनीअर) चिकटविण्याची रीत रुळली. ब्रिटनमधील जॅग्वार मार्क २ (१९५९–६७) हे तिचे परिचित उदाहरण [⟶ प्लायवुड].

उन्हातील जंबुपार किरणांमुळे रोगण ठिसूळ होते. ओलाव्याने लाकूड फुगते व आकसते, त्याबरोबर ताणले न गेल्याने रोगणाला तडे जातात आणि आत शिरलेल्या दमटपणाने पापुद्रा सुटतो. घरगुती कामात पट्ट्या सोडवून रोगण द्रावणाने वा गरम हवेने मऊ करतात व बोथट पात्याने खरवडतात. पापुद्रा बहुधा एक मिलिमीटरहून पातळ असल्याने घासयंत्र वापरल्यास तो आरपार झिजतो. रोगण काढणे हाच कामातील सर्वांत नाजूक टप्पा. उचललेल्या कडा सरसाने बसवून, उडालेला रंग सावरून लॅकरचे अनेक हात देतात. लेप पूर्ण वाळल्यावर पाण्यासह बारीक पॉलिश पेपरने घासून चकाकी आणतात [⟶ रोगण].

दुहेरी घटकांच्या पॉलियुरेथेन लेपातील आयसोसायनेटे श्वसनास घातक असल्याने फवारणी घरी टाळणे योग्य. एअरबॅग असलेल्या गाडीत पट्ट्या सोडविण्यापूर्वी बॅटरी सोडवितात.

एकाच गाठीचे लगतचे पापुद्रे आरशातील प्रतिमेप्रमाणे जोडलेले असतात. एक पट्टी बदलली तरी नक्षी जुळत नाही, म्हणून जुन्या मोटारींच्या जतनात मूळ पापुद्रा राखण्यास महत्त्व आहे.