गुरुकुंज मोझरीचें भजनमंडळ व एका नव्या स्थानपोथीची गरज

वऱ्हाडच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, देशमुख-देशपांड्यांचीं दप्तरें व महानुभावांच्या पोथ्या एवढ्यांचीच गणना करण्याचा आपला परिपाठ आहे. तो गैर नव्हे. परंतु साधनाचें मोल केवळ त्याच्या वयावर ठरत नाहीं. विसाव्या शतकांत खंजिरी घेऊन गांवोगांव हिंडलेल्या लहान भजनमंडळांनीं या प्रांताच्या लोकमानसावर खोल ठसा उमटविला. त्या मंडळांच्या वह्या व आठवणी मात्र आपल्या यादींत सहसा येत नाहींत. या उणीवेकडे संग्राहकांचें लक्ष वेधावें, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

या परंपरेचें मुख्य पीठ म्हणजे गुरुकुंज मोझरी. तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें झाला. मूळ नांव माणिक बंडोजी इंगळे. ‘तुकड्या’ हें नांव त्यांस वरखेडचे आडकोजी महाराज यांजकडून मिळालें, व पुढें तेंच त्यांच्या भजनांची मुद्रा झालें. मोझरी येथें आश्रमाची स्थापना १९३५ सालीं झाली. पण भजन करीत हिंडणें त्यापूर्वींच सुरू होतें. म्हणजे येथें वाट आधीं व आश्रम मागून, असा क्रम आहे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं महाराजांचें देहावसान मोझरीसच झालें.

मोझरीची जागा पाहिली असतां तिचें महत्त्व ध्यानांत येतें. हें गांव अमरावतीहून नागपुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर, हल्लींच्या तिवसा तालुक्यांत आहे. पूर्वेस वर्धा नदी. तीच वऱ्हाडची जुनी सीमा. तिच्या कांठीं रुक्मिणीचें माहेर म्हणून प्रसिद्ध असलेलें कौंडण्यपूर आहे. नदी ओलांडली कीं आर्वी, आष्टी, वर्धा, व पुढें नागपूर आणि चांदा. पश्चिमेस बडनेऱ्यास मुंबई-नागपूर लोहमार्ग मिळतो, व मूर्तिजापुराहून अचलपूर आणि यवतमाळ या दोन दिशांस अरुंद रुळांचे फांटे निघत. फिरत्या मंडळास याहून सोयीचें ठाणें क्वचितच मिळालें असतें.

वऱ्हाडची जमीन काळी, कपाशीची. मृग लागला म्हणजे पांदणी चिखलानें बंद पडत व बंडीचें चाक आंसापर्यंत रुते. तेव्हां फिरतीचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा. कापूस विकून घरांत चार पैसे आलेले, रात्री मोठ्या व कोरड्या, आणि जत्रांचे दिवस: कार्तिकांत कौंडण्यपूर, पौषांत बहिरम. शेतकऱ्याचें पंचांग तेंच मंडळाचें पंचांग.

फिरतीवर सामान बेताचें असावें लागतें. खंजिरी म्हणजे एक लांकडी कडें. त्याच्या एका बाजूस चामडें मढविलेलें व कडेच्या खांचांत धातूच्या चकत्या. ती काखेंत मावते, आणि गाणाराच ती वाजवूं शकत असल्यामुळें एक माणूस वांचतो. थंडींत दंव पडलें कीं चामडें सैल पडे. मग शेकोटीजवळ धरून तें ताणून घ्यावें लागे. जोडीस पेटी, तबला किंवा ढोलकी, टाळ व धृपद उचलणारे चार-सहा गडी एवढें जमलें कीं मंडळ पुरें झालें. बंडी किंवा दमणी मिळाली तर तींत वाद्यें व पडशा, आणि माणसें बहुधा पायीं. गांवांत दवंडी पिटावी, मारुतीच्या पारावर बैठक मांडावी, उजेडास कंदील अथवा गॅसबत्ती टांगावी, यजमानाघरची भाकर व वरण खावें, आणि तांबडें फुटतांच पुढचें गांव गांठावें, असा हा क्रम असे.

गीताचा घाटहि या वाटेनेंच ठरविलेला दिसतो. आजच्या श्रोत्यांची उद्यां गांठ नाहीं. तेव्हां धृपद असें हवें कीं अनोळखी माणसानें दुसऱ्या आवृत्तीस तें उचलावें. भाषेचेंहि तसेंच. १९०३ पासून वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलेलें होतें, आणि तो प्रांत मराठी व हिंदी असा द्विभाषिक. महाराजांचीं भजनें दोन्ही भाषांत आहेत, यांत आवडीबरोबर या प्रवासाच्या भूगोलाचाहि वांटा असावा असें आम्हांस वाटतें.

या प्रवासाचा राजकीय अर्थ १९४२ सालीं उघड झाला. १९३६ मध्यें महाराज शेगांव (पुढील सेवाग्राम) येथें गांधीजींच्या सहवासांत राहून आले होते. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं चिमूर व आष्टी येथें उठाव झाले. त्याच महिन्यांत महाराजांस चांदा येथें अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यांत आलें. सुटका डिसेंबरांत झाली. सभेवर नजर ठेवणें सोपें, पारावरच्या भजनावर ठेवणें कठीण. चिमूरच्या उठावाशीं या भजनांचा संबंध सर्वत्र सांगितला जातो. पण इतिहासाचा प्रश्न निराळा आहे: कोणतें भजन, कोणत्या गांवीं, कोणत्या तिथीस, कोणापुढें म्हटलें गेलें? छापील संग्रहावरून याचा उलगडा होत नाहीं. मुद्रेवरून कर्ता कळतो. स्थळ व काळ कळत नाहीं. हा दुवा सांपडल्यावांचून वऱ्हाड व चांद्याकडील बेचाळीसचा इतिहास अपुराच राहणार.

याच जिल्ह्यांतील दुसरें उदाहरण गाडगे महाराजांचें. त्यांचा जन्म १८७६ सालीं शेंडगांव येथें झाला, आणि २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीस येत असतां वाटेंतच, वलगांवजवळ, त्यांचा अंत झाला. त्यांच्या सहवासांत हिंडलेल्या गो. नी. दांडेकरांनीं त्या भ्रमंतीचें चित्र लिहून ठेविलें, व १९५६ सालीं वांद्रे येथें झालेलें त्यांचें कीर्तन ध्वनिमुद्रित झालें. एक लेखणी व एक यंत्र वेळीं हातीं असलें तर केवढें वांचतें, याचा हा पुरावा होय. खेडोपाडींच्या भजनी मंडळांस असा लेखक कोठून मिळणार?

आणि नवल असें कीं, वाटेचा इतिहास कसा लिहावा याचा धडा वऱ्हाडानेंच महाराष्ट्रास दिला आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, मोझरीच्याच जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें म्हाइंभटांनीं लीळाचरित्र सिद्ध केलें. चक्रधरांस पाहिलेल्या माणसांकडे जाऊन त्यांनीं एकेक आठवण पडताळून घेतली. पुढें मुनि व्यासांनीं स्थानपोथी रचिली. चक्रधर कोठें राहिले, तें देऊळ गांवाच्या कोणत्या दिशेस, त्याचें दार कोणीकडे, हें सर्व तींत नोंदलें आहे. देऊळ पडून गेलें तरी पोथीच्या आधारें जागेचा शोध घेतां येतो. या पोथ्या शतकानुशतकें सांकेतिक लिप्यांत व मठांत बंद होत्या. यवतमाळच्या शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे, पुढें डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्यांनीं श्रम केले, म्हणून त्या अभ्यासकांच्या हातीं आल्या.

तोच न्याय भजनमंडळांच्या वह्यांस लाविला पाहिजे. सभासदांस आमची सूचना अशी. वही मिळाल्यास तिचीं भजनें तेवढीं उतरून घेऊन ती परत करूं नये. पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत तिचीं छायाचित्रें घ्यावींत. मागील पानांवर बंडीभाडें, घासलेट, शिधा यांचा हिशेब लिहिलेला असल्यास तो भजनांहून अधिक जपावा, कारण मुक्कामांचा क्रम त्यांतूनच लागेल. धृपदांतील पाठभेद ‘अशुद्ध’ म्हणून सुधारूं नयेत. कोणतें गांव कोणापासून शिकलें हें त्या भेदांवरूनच ओळखतां येतें. नोंदींत गांव, बैठकीची जागा, तिथि, आमंत्रण देणारा, वाद्यें व सांगणाराचें वय इतकीं कलमें अवश्य असावींत. मूळ वही गांवाबाहेर नेण्याचा हट्ट धरूं नये. बहुतेक मंडळांत ती अद्याप पूज्य वस्तु आहे.

या कामीं काळ आपल्या बाजूस नाहीं. बेचाळीस सालीं दहा वर्षांचा असलेला श्रोता आज नव्वदी ओलांडून गेला आहे. महाराजांच्या अखेरच्या काळांत, १९६८ च्या सुमारास, विशीचा असलेला टाळकरी ऐंशीच्या घरांत आहे. शाईच्या वह्या तर दिवाळीच्या झाडलोटींत दरसाल निघून जातात. म्हाइंभटांस साक्षीदार जिवंत भेटले, म्हणून लीळाचरित्र झालें. आपल्यासहि ते अजून कांहीं वर्षे भेटणार आहेत. तेवढ्यांत मोझरी, यावली, चिमूर व आष्टी या चार गांवांपासून आरंभ करून ही नवी स्थानपोथी लिहावयास घ्यावी, अशी सर्व संग्राहकांस विनंति आहे.