बॅट कोणाच्या हाती? पुण्याच्या नेटपासून १९२३ च्या कर्णधारपदापर्यंत

१/ फलंदाजाचे काम धावा करण्याचे. परंतु एकोणिसाव्या शतकात बॅट हे प्रतिष्ठेचेही चिन्ह होते. इंग्लंडमध्ये हौशी, सधन खेळाडू प्रामुख्याने फलंदाजीसाठी ओळखले जात. गोलंदाजीचे कष्ट बहुधा मोबदला घेणाऱ्या व्यावसायिकांच्या वाट्याला येत. कर्णधार हौशींमधूनच निवडला जाई.

२/ ही विभागणी इंग्रजांबरोबर भारतात आली. येथे तिला जातिव्यवस्थेची जोड मिळाली.

३/ १८९० च्या दशकात चर्मकार समाजातील पालवणकर बाळू पुण्यातील इंग्रजांच्या क्लबात मैदानावर नोकरीस होते. नेटमध्ये ते साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करीत. फलंदाजीची संधी मात्र त्यांना दिली जात नसे.

४/ पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले, ते गोलंदाजीसाठी. मैदानात चेंडू एकच असे. चहा मात्र त्यांना पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यात मिळे.

५/ १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. त्या संघाचे कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. हिंदू संघाचे कर्णधारपदही बाळूंना कधी देण्यात आले नाही.

६/ त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांनी बॅट हाती घेतली आणि ते हिंदू संघाचे प्रमुख फलंदाज झाले. तरीही १९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना वगळण्यात आले, आणि कर्णधार म. द. पै आजारी असताना विठ्ठल यांना डावलून संघाचे नेतृत्व दि. ब. देवधरांकडे गेले. विठ्ठल आणि बंधू शिवराम संघाबाहेर राहिले; आपली भूमिका त्यांनी जाहीर निवेदनाद्वारे मांडली.

७/ तो काळ गांधीजींच्या अस्पृश्यताविरोधी प्रचाराचा होता. लोकमत तापले. अंतिम सामन्यासाठी बाळू उपकर्णधार म्हणून परतले. पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ त्यांनी संघाचे नेतृत्वही केले.

८/ १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली.

९/ म्हणजे विठ्ठल यांच्या धावा पुरेशा होत्या काय? नाही. धावा १९२० मध्येही त्यांच्या नावावर होत्या. त्या मोजल्या जाव्यात म्हणून तिन्ही भावांपैकी दोघांना आधी खेळण्यास नकार द्यावा लागला. त्या काळचा धावफलक वाचताना कोणी किती धावा केल्या, याआधी बॅट कोणाला मिळत होती, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.