गर्भिणी-पांडुरोग : मुंबईतील संशोधनाचा इतिहास

गर्भारपणात रक्तातील तांबड्या कोशिकांची संख्या घटून उरलेल्या कोशिका नेहमीपेक्षा मोठ्या आकारमानाच्या दिसतात, तेव्हा त्या विकारास बृहत्कोशिकी गर्भिणी-पांडुरोग (रक्तक्षय) म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतील गरीब स्त्रियांत, विशेषतः कापडगिरण्यांतील कामगार स्त्रियांत, तो आढळे व पुष्कळदा प्राणघातक ठरे.

मार्गारेट बॅल्फर यांच्या निमंत्रणावरून ब्रिटिश रक्तरोगतज्ञ लूसी विल्स (१८८८–१९६४) १९२८ मध्ये मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी या विकाराचे संशोधन सुरू केले. आतड्यातील सूक्ष्मजंतू हे त्याचे कारण असावे, या कल्पनेस पुरावा मिळाला नाही. आहाराच्या पाहणीत मात्र रुग्ण स्त्रियांच्या अन्नात प्रथिने, फळे व भाजीपाला फार अपुरा असल्याचे दिसून आले. उंदरांवरील प्रयोगांत उवांमार्फत पसरणाऱ्या संसर्गामुळे निष्कर्ष संदिग्ध राहिले. पुढे या स्त्रियांच्या आहारासारखाच आहार माकडांना दिला असता त्यांच्यातही असाच पांडुरोग उद्भवला आणि मार्माइट या स्वस्त यीस्ट-अर्काने तो बरा झाला. रुग्ण स्त्रियांनाही या अर्काने गुण येतो, हे विल्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. मारक पांडुरोगावर उपयुक्त असलेला शुद्ध यकृत-अर्क येथे निष्प्रभ ठरल्यामुळे हा गुणकारी घटक निराळा असल्याचे स्पष्ट झाले. त्यास ‘विल्स घटक’ असे नाव पडले.

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांपासून फॉलिक अम्ल वेगळे करण्यात आले. १९४५ मध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील संशोधकांनी ते कृत्रिम रीत्या तयार केले. विल्स घटक म्हणजे फोलेट होय, हे त्यानंतर निश्चित झाले.

शरीरातील एंझाइमांच्या साहाय्याने फोलेटाचे रूपांतर सहएंझाइमांत होते. डीएनएच्या घटकांच्या निर्मितीस ही सहएंझाइमे आवश्यक असतात. ती अपुरी पडल्यास अस्थिमज्जेतील कोशिकांचे विभाजन रेंगाळते. परंतु कोशिकाद्रव्याची वाढ चालूच राहते. त्यामुळे कोशिका मोठ्या, परंतु संख्येने थोड्या होतात. गर्भ व वार यांच्या जलद वाढीमुळे गर्भवतीची फोलेटाची गरज वाढते. म्हणून एरवी लपून राहिलेली न्यूनता याच काळात प्रकट होते.

भारतात १९७० मध्ये पोषणजन्य पांडुरोगाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गर्भवतींना आज देण्यात येणाऱ्या गोळीत ६० मिग्रॅ. लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल असते. भारतातील गर्भवतींत लोहन्यूनतेचा पांडुरोग अधिक आढळत असल्याने या दोहोंची जोड आवश्यक ठरते. ब१२ जीवनसत्त्वाच्या न्यूनतेत केवळ फॉलिक अम्ल दिल्यास रक्त सुधारते. परंतु तंत्रिकांची हानी चालूच राहू शकते. म्हणून योग्य निदान महत्त्वाचे असते. रोगाचे मूळ जंतूंत नसून गरिबांच्या ताटात आहे, हे या संशोधनाने दाखवून दिले व त्यावर गरिबांस परवडणारा उपायही सुचविला.